हिरव्या पिसाआडचा निळा

पावसाळ्याच्या आगेमागे कोकणातल्या केळशीच्या आगरांत पोपटाची पिसं सापडतात. पोफळींच्या मुळाशी, पाण्याच्या पाटाकडेला, कधी विहिरीच्या कठड्यावर. असं एक हिरवंगार पीस उचलावं आणि सूर्याच्या दिशेने डोळ्यांसमोर धरावं. हिरवा रंग नाहीसा होतो आणि मळकट, पिवळसर तपकिरी काहीतरी उरतं. पीस खाली घेतलं की हिरवा परत हजर. मग तेच पीस पाट्यावर ठेवून वरवंट्याने जोर लावून घासावं. जिथे ते चिरडलं तिथे मात्र हिरवा पुन्हा येत नाही.

याचं कारण असं, की पोपटाच्या अंगावर हिरवा म्हणून रंगच नसतो. पिसाच्या बारीक धाग्यांत स्पंजासारखी, डोळ्याला न दिसणाऱ्या छिद्रांची रचना असते. तिच्यावर आपटून निळा प्रकाश तेवढा परततो, आणि तिच्याखालचा काळा रंग बाकीचा उजेड गिळून टाकतो. या निळ्यावर पिवळ्या रंगद्रव्याचा हात फिरवलेला असतो. पिवळा आणि निळा मिळून आपल्याला हिरवा दिसतो. पिवळं द्रव्य तयार झालं नाही तर पोपट निळा होतो. काळं द्रव्य नसेल तर निळा परतत नाही आणि लाल डोळ्यांचा पिवळा पोपट होतो, त्याला पाळणारे लुटिनो म्हणतात. दोन्ही नसली तर पांढरा, म्हणजे अल्बिनो. पिंजऱ्यांच्या बाजारात रंगांची जी शेकडो नावं फिरतात, त्यांतली बरीचशी या दोन-तीन गोष्टींच्या बेरीज-वजाबाकीतून निघालेली आहेत.

ही बेरीज-वजाबाकी आता कोकणातल्या पडव्यांवरही चालते. आपल्याकडे सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातले बजरीगर असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे. दोन्ही जाती, आणि शेंडीवाले कॉकटील, दापोली-चिपळूणपासून मुंबईपर्यंत लोक पाळतात, त्यांची पिल्लं काढतात, विकतात. समुद्रावर वाहून आलेला समुद्रफेस धुऊन पिंजऱ्यात अडकवला की मादीला चुना मिळतो, हे केळशीतल्या लहान पोरांनाही ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते एवढंच, की जो पक्षी आपण विकत घेतला त्याच्या पोटात काय आहे. या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. पक्ष्याचा रंग ही त्याच्या कुळाची अर्धीच साक्ष असते. उरलेली अर्धी फक्त वहीत असते, आणि ती वही आपल्याकडे जवळपास कोणीच ठेवत नाही. त्याची किंमत पक्षी मोजतात.

शेजारच्या काकूंकडे मडक्यात बजरीगरांची जोडी बसली होती. नर हिरवा, मादी हिरवी. पाच पिल्लं निघाली. पंख फुटू लागले तसं त्यातलं एक स्वच्छ आभाळी निळं दिसायला लागलं. काकूंनी मला हाक मारली.

“अरे, अंडं बदललं की काय कोणी?”

“काकू, तुमच्या हापूसचा बाठा लावला तर काय उगवतं?”

“रायवळ. बाठा लावून कुठे हापूस येतो?”

“मग हेही तसंच.”

कोकणी माणसाला आनुवंशिकता शिकवायला परक्या देशातली उदाहरणं लागत नाहीत. हापूसच्या बाठ्यातून हापूस येत नाही, त्यासाठी कलम बांधावं लागतं, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. हापूसच्या झाडात आईबापांकडून आलेले कितीतरी गुण दडलेले असतात, आणि बी धरताना ते नव्याने वाटले जातात. कलमात वाटणी होत नाही, जुनंच झाड पुढे चालू राहतं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं, आणि कोकणातल्या संशोधकांनी नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ काढला, पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून ‘सिंधू’. ही कामं वर्षानुवर्षांच्या नोंदींवर उभी आहेत. कुठल्या फुलावर कुठला पराग घातला हे लिहून ठेवलं नसतं तर रत्ना हे एक चांगलं रायवळ झाड राहिलं असतं, जात झाली नसती. पक्ष्याला कलम बांधता येत नाही. त्याची प्रत्येक पिढी ही बाठ्याचीच पिढी. म्हणून तर त्याला नोंद आंब्यापेक्षाही जास्त लागते.

माणसाला वेगळ्या रंगाच्या प्राण्याचं वेड फार जुनं आहे. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात पांढऱ्या चित्त्याची नोंद कौतुकाने केली आहे, आणि पांढरे पक्षीही पाहिल्याचं लिहिलं आहे. आपल्याकडच्या कीर पोपटांत रानातच अधूनमधून पिवळं किंवा निळं पिल्लू जन्मतं. असा पक्षी सापडला की तो धनिकांच्या वाड्यात जायचा. तो मेला की संपलं, कारण त्याचा रंग पुढे कसा न्यायचा हे कोणालाच कळत नव्हतं. निळ्याची हिरव्याशी जोडी लावली की सगळी पिल्लं हिरवी. लोक म्हणायचे, रंग ‘उतरला’. तो उतरलेला नसायचा, पिल्लांच्या अंगात दबून बसलेला असायचा. त्या हिरव्या पिल्लांची आपसात जोडी लावायची कल्पना सुचली असती तर नातवंडांत निळा परत दिसला असता. एका पिढीचा धीर कमी पडला आणि कितीतरी रंग मातीत गेले.

बजरीगरांची गोष्ट यापुढे सुरू होते. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने १८४० मध्ये ऑस्ट्रेलियातून जिवंत बजरीगर इंग्लंडमध्ये नेले. रानात ते सगळे हिरवे. चाळीसएक वर्षांत बेल्जियममध्ये पिवळे आणि पाठोपाठ निळे दिसू लागले. १९१० मध्ये निळे पक्षी लंडनच्या प्रदर्शनात ठेवले गेले आणि लोक बघत राहिले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये गडद छटेचे पक्षी निघाले, १९२० च्या सुमारास पांढरे. १९२० च्या दशकात जपानमध्ये निळ्या बजरीगरांची अशी हवा झाली की किमती आभाळाला भिडल्या, आणि थोड्याच काळात तितक्याच वेगाने खाली आल्या. महाराष्ट्रातल्या ज्या शेतकऱ्यांनी वीस वर्षांपूर्वी कर्ज काढून इमू पाळले, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. पक्ष्याचं मोल जेव्हा पुढच्या गिऱ्हाइकाच्या हौसेवर ठरतं तेव्हा शेवटी पिंजऱ्यात फक्त खाणारी तोंडं उरतात.

मेंडेलने वाटाण्यांवरचे आपले निष्कर्ष १८६५ मध्ये वाचून दाखवले होते, पण त्यांचा अर्थ जगाला १९०० मध्ये लागला. त्यानंतर काही वर्षांतच पाळीव पक्ष्यांवर तोच हिशेब लागू पडतो का, हे तपासणं सुरू झालं. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात हान्स डुंकर नावाचा शाळामास्तर होता. क्रेमर नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या पक्षिगृहात त्याने बजरीगरांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या, प्रत्येक घरट्यातली पिल्लं रंगवार मोजली, आणि कुठला रंग कुठल्या नियमाने उतरतो याची कोष्टकं १९२० च्या दशकाअखेरीपासून मांडली. आजही पक्षी पाळणारे जे कोष्टक बघून जोड्या लावतात त्याचा पाया या माणसाच्या नोंदींत आहे. आणि हेही सांगायलाच हवं, की हाच डुंकर माणसांच्या वंशशुद्धीच्या विचाराचा पुरस्कर्ता होता. पिंजऱ्यातला हिशेब माणसांच्या वस्तीत नेण्याची चूक त्या काळातल्या अनेक शिकलेल्या लोकांनी केली आणि युरोपने तिची भयंकर किंमत मोजली. जनुकांचं गणित खरं आहे म्हणून ते कुठेही वापरावं असं होत नाही. पक्ष्यांच्या ‘शुद्ध रक्ता’बद्दल आजही जी भाषा सहज बोलली जाते ती ऐकताना मला डुंकर आठवतो.

डुंकरची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. त्याला लाल कॅनरी हवी होती. दक्षिण अमेरिकेतल्या लाल सिस्किन पक्ष्याशी संकर करून त्याने लाल रंगाची जनुकं कॅनरीत आणली, तरी पक्षी तांबूस-नारिंगीच राहिले. कारण कॅनरीचा लाल रंग अन्नातून येणाऱ्या द्रव्यावर अवलंबून असतो. जनुक असूनही ताटात ते द्रव्य नसेल तर पीस लाल होत नाही. पोपटांचं उलट आहे. त्यांचं पिवळं-लाल द्रव्य त्यांचं शरीरच पिसाच्या मुळाशी तयार करतं, बाहेरून येत नाही. तेव्हा अमुक दाणा घाला म्हणजे पोपटाचा रंग खुलेल असं कोणी सांगितलं तर पैसे खिशातच ठेवावेत. राळे, बाजरी, पालेभाजी आणि स्वच्छ पाणी यांनी पक्षी निरोगी राहतो. त्याने पिसाला तकाकी येते, नवा रंग येत नाही.

हे समजलं की ओळखण्यातली एक मोठी चूक टळते. हिरव्या पोपटाच्या अंगावर मध्येच पिवळी पिसं उगवली की लोक हुरळतात, म्युटेशन आलं म्हणून. जन्मजात बदल घरट्यापासूनच असतो. चांगला वाढलेला पक्षी पुढे कधीतरी ठिपक्याठिपक्यांनी पिवळा पडू लागला, तर बहुधा यकृत बिघडलेलं असतं, आहारात खोट असते किंवा पिसांना रोग जडलेला असतो. असा पक्षी पशुवैद्याकडे न्यायचा, जोडीला लावायचा नाही. पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ अनिल महाबळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये भारतीय पक्ष्यांमधल्या रंगबदलांच्या जुन्या-नव्या नोंदी तपासल्या, तेव्हा ‘अल्बिनो’ म्हणून छापलेल्यांपैकी फार मोठा भाग मुळी अल्बिनो नव्हताच. जाणकार पक्षिनिरीक्षकांची ही गत, तर दुकानातल्या पाटीचं काय धरायचं?

ओळख पटवायची खरी वेळ पहिल्या आठवड्यातली. बजरीगरचं अंडं अठरा दिवसांत फुटतं, एकाआड एक दिवस घातलेली अंडी त्याच क्रमाने फुटतात. त्यामुळे एकाच मडक्यात आठवड्याभराच्या वयाची आणि कालची पिल्लं शेजारी-शेजारी असतात. पिल्लू उघडं, गुलाबी, डोळे मिटलेले. पण मिटलेल्या पापणीच्या पातळ कातडीतून डोळ्याचा रंग दिसतो. साध्या पिल्लाचा डोळा काळा दिसतो, जणू कातडीखाली मिरी ठेवली आहे. लुटिनो किंवा अल्बिनोचा लालसर. आणि सिनॅमन नावाचा तपकिरी छटेचा प्रकार असेल तर जन्मतः डोळा गडद जांभळट असतो, आणि थोड्याच दिवसांत काळवंडून इतर पिल्लांसारखा होतो. तो आठवडा हुकला की पुरावा गेला. म्हणून अनुभवी माणसं संध्याकाळी मडक्यात बॅटरी मारून बघतात आणि लगेच लिहून ठेवतात. ‘तिसरं पिल्लू, डोळा जांभळा.’ चार शब्दांची नोंद, पण सहा महिन्यांनी लाख मोलाची.

आता लपलेल्याकडे वळू. काकूंच्या जोडीतल्या दोन्ही हिरव्या पक्ष्यांकडे निळ्याचं एकेक जनुक होतं. निळा अप्रभावी असल्यामुळे दोन्हीकडून मिळाल्याशिवाय दिसत नाही. अशा पक्ष्याला धंद्यात ‘स्प्लिट’ म्हणतात आणि ‘हिरवा तिरकी रेघ निळा’ असं लिहितात. रेघेच्या आधीचं डोळ्याला दिसतं, नंतरचं पोटात असतं. अशा जोडीतलं दर चारातलं सरासरी एक पिल्लू निळं, दोन स्प्लिट, एक निखळ हिरवं. खरी मेख इथे आहे. तीन हिरव्यांतली दोन स्प्लिट आहेत, पण कोणती दोन, हे जगातला कोणताही डोळा सांगू शकत नाही. तरी बाजारात अशी पिल्लं छातीठोकपणे ‘स्प्लिट’ म्हणून चढ्या भावाने जातात. प्रामाणिक माणूस फार तर एवढं म्हणेल, की तीनात दोन शक्यता आहे.

ती शक्यता तपासता येते, धीर असेल तर. संशयित हिरव्याची जोडी निळ्याशी लावायची. एक जरी निळं पिल्लू निघालं तरी प्रश्न मिटला, पक्षी स्प्लिट. सगळी हिरवी निघत राहिली तर प्रत्येक पिल्लागणिक संशय निम्मा होत जातो. पाच पिल्लं हिरवी निघाली तर पक्षी स्प्लिट असूनही असं घडण्याची शक्यता बत्तिसात एक, सात निघाली तर एकशे अठ्ठावीसात एक. शून्य कधीच होत नाही. ‘नाही’ हे सिद्ध करायला ‘आहे’पेक्षा जास्त वेळ लागतो, हे पक्ष्यांच्या घरट्याइतकं स्वच्छ मी दुसरीकडे कुठे शिकलो नाही.

लुटिनोचा हिशेब वेगळा, कारण ते जनुक लिंगाशी बांधलेलं. माणसांत मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, पक्ष्यांत आईकडून. नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. लुटिनोचं जनुक झेडवर बसतं. मादीकडे झेड एकच, तेव्हा तिच्याकडे ते असेल तर दिसणारच. मादी लुटिनोची स्प्लिट असूच शकत नाही. ‘लुटिनोसाठी स्प्लिट मादी’ म्हणून कोणी बजरीगर विकत असेल तर त्याला एकतर माहिती नाही किंवा त्याने खोटं बोलायचं ठरवलं आहे. लुटिनो नर आणि हिरवी मादी यांची पिल्लं पिवळी निघाली तर त्या मुली, हिरवी निघाली तर मुलगे, आणि ते सगळे मुलगे पोटात पिवळा घेऊन फिरणारे. घरट्यातच रंगावरून लिंग कळतं. (भारजा नदीच्या मुखापलीकडे वेळासच्या किनाऱ्यावर नेमकं उलट घडतं. तिथल्या ऑलिव्ह रिडले कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे गुणसूत्रावर ठरत नाही, वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू तापली की माद्या जास्त. एका खाडीच्या दोन काठांवर निसर्गाचे दोन कायदे आहेत, आणि मला या गावात राहण्यातलं हे एक मोठं सुख वाटतं.)

आईबापांकडून उतरणाऱ्या रंगाच्या या हिशेबावरून आपल्या कुळवृत्तांतांची आठवण होते. कोकणातल्या किती घराण्यांनी गेल्या शतकात जाडजूड कुळवृत्तांत छापले! मूळ पुरुषापासून दहा-बारा पिढ्या, कोण कुठे गेला, कोणाचं शिक्षण काय. हे काम मोठ्या कष्टाचं आणि मोलाचं. पण जुन्या कुळवृत्तांतांत लेकी बहुधा एका ओळीत संपतात. त्यांची लेकरं दुसऱ्या कुळात गेली म्हणून वंशवृक्षाची ती फांदी तिथेच थांबते. पक्ष्यांची वही अशी ठेवली तर पाण्यात जाते. दडलेला पिवळा मुलाकडे आजोबांकडून आईमार्फत आला की नाही हे कळायला आईची आणि आईच्या बापाची नोंद हवी. आईकडची बाजू लिहिली नाही तर निम्मं कूळच गहाळ.

दुर्मीळ रंग लवकर हवा असतो, म्हणून काय करतात? निळा मुलगा आईलाच लावतात, भाऊ-बहीण जोडतात. दोन-तीन पिढ्यांत रंग पक्का होतो. पण ज्या वाटेने निळ्याची दोन जनुकं एकत्र आली त्याच वाटेने बाकीची दबलेली वाईट जनुकंही जोडीने एकत्र येतात. अंडी फुटत नाहीत, पिल्लं अशक्त निघतात, पिसं धड भरत नाहीत. लुटिनो कॉकटीलच्या शेंडीमागे टकलाचा ठिपका दिसतो, तो १९५८ पासून अमेरिकेत या रंगामागे लागलेल्या घाईचा माग आहे. कॅनरीत शेंडीचं जनुक दोन्हीकडून आलं तर पिल्लू अंड्यातच मरतं. हे नियम कोणी कडक म्हणून लावलेले नाहीत, पण मोडणाऱ्याला ते सोडतही नाहीत. ज्याच्याकडे वही आहे त्याला कळतं की दोन निळे पक्षी चुलत भावंडं आहेत. ज्याच्याकडे नाही त्याला मेलेली अंडी फेकताना फक्त नशिबाला दोष देता येतो.

विज्ञान दरम्यान फार पुढे गेलं. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी बजरीगरचा निळा नेमका कुठून आला ते शोधलं. पिवळं द्रव्य बनवणाऱ्या एका जनुकात एका अक्षराचा बदल, त्याने त्या प्रथिनातला एक घटक बदलला आणि पिवळं बनणं थांबलं. त्यांनी ते जनुक यीस्टमध्ये घातलं तर यीस्ट पिवळं द्रव्य बनवू लागलं. म्हणजे १८८० च्या आसपास युरोपातल्या कुठल्याशा पिंजऱ्यात चमकलेल्या निळ्याचं कारण जगाला सुमारे १४० वर्षांनी अक्षरशः वाचता आलं. २०२४ मध्ये पोर्तुगालच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या कामात पोपटांच्या पिवळ्या आणि लाल छटांमधला फरक घडवणारं दुसरं जनुक सापडलं. आज पिसाच्या मुळावरून नर-मादी ओळखणारी चाचणी सर्रास होते. उद्या लपलेला निळाही चाचणीत दिसेल. तरीही चाचणी सांगते ती त्या पक्ष्याची आजची स्थिती. तो कुणाचा कोण, आजी कशाने मेली, भावंडांतली किती जगली, हे सांगत नाही.

आता एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. आपल्या आगरात, आमराईत जे पोपट येतात, कीर, मोठा करण, जांभळट डोक्याचा तुईया, ते पाळणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. भारतीय पक्ष्यांच्या व्यापाराला बंदी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, कीर पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. पळवाट शोधणारे म्हणतात, निळा किंवा पिवळा ‘रिंगनेक’ परदेशी आहे. पीस निळं झालं म्हणून जात बदलत नाही. तो कीरच, आणि कायद्याच्या अनुसूचीत नाव लिहिलं आहे ते जातीचं. परदेशी पक्ष्यांसाठीही आता मोकळं रान नाही. कॉकटील, बजरीगर आणि पीचफेस लव्हबर्ड आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीत नाहीत, पण फिशर आणि मास्क्ड लव्हबर्ड आहेत, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा पक्ष्यांची सरकारी संकेतस्थळावर नोंद करावी लागते, पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. अनेकांना ही कटकट वाटते. मला वाटतं, ज्याची वही आधीच भरलेली आहे त्याला हे पाच मिनिटांचं काम आहे.

रंगाच्या मागे लागताना काय सुटतं, याचा एक प्रसंग या इतिहासात आहे आणि तो मला कधीच विसरता येत नाही. कलकत्त्याच्या एझ्रा घराण्यातले आल्फ्रेड एझ्रा इंग्लंडमध्ये फॉक्सवॉरन पार्कला राहत. पक्ष्यांवर मनापासून प्रेम करणारा माणूस, तिथल्या पक्षिपालकांच्या सोसायटीचा दीर्घकाळ अध्यक्ष. हिंदुस्थानातल्या रानात सापडलेल्या पिवळ्या कीर पोपटांपासून त्यांच्या पक्षिगृहात पिवळ्यांच्या पिढ्या वाढल्या. त्याच बागेतल्या तळ्यावर त्यांनी भारतातून नेलेली गुलाबी डोक्याची बदकं ठेवली होती. ती तिथे वर्षानुवर्षं जगली, पण त्यांनी एकदाही पिल्लं काढली नाहीत. रानातलं शेवटचं खात्रीचं बदक १९३५ मध्ये दरभंग्याकडे मारलं गेलं. जी जात रानात लाखोंनी होती तिचा एक रंग हातोहात वाढत गेला, आणि जी जात पृथ्वीवरून जात होती ती त्याच तळ्यावर पोहत पोहत संपली. एझ्रांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. त्यांनी निदान ती बदकं जगवली होती. पण माणसाचं लक्ष आणि पैसा कुठे वळतो, हे त्या एका बागेत दिसतं.

ते लक्ष आपल्या दारातही वळवता येतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात केळशीची आगरं उघडी पडली. नारळ, पोफळी, जुने आंबे, फणस, एका दुपारी सगळं आडवं. पोपट ढोलीत घरटं करतात, आणि ढोली जुन्याच झाडाला असते. नवी रोपं लागली, पण त्यांना ढोली यायला आपली पुढची पिढी म्हातारी व्हावी लागेल. उभा वाळलेला माड तोडण्याआधी त्यात कोणाचं घर आहे का ते बघावं, आणि धोका नसेल तर तो तसाच राहू द्यावा. केळशीत हिरवा पोपट टिकण्यासाठी याहून सोपं आणि स्वस्त काम मला दिसत नाही.

काकूंच्या निळ्या पिल्लाची गोष्ट अर्धी राहिली. त्यांची नात सातवीत आहे. तिला मी वहीचं पान आखून दिलं. पक्ष्याचा नंबर, जन्मतारीख, पहिल्या आठवड्यातला डोळ्याचा रंग, बाप, आई, बापाचे आईबाप, आईचे आईबाप, भावंडं किती, जगली किती. पायात घालायची बंद रिंग पिल्लू आठवडा-दीड आठवड्याचं असतानाच चढते. त्यानंतर पाय जाड होतो आणि मोठ्या पक्ष्याच्या पायात ती घालताच येत नाही, म्हणून तर तिच्यावर विश्वास ठेवता येतो. ती वेळ या खेपेला गेली होती. पुढच्या खेपेसाठी रिंगा मागवल्या.

मूळ जोडी दुकानातून आणलेली. नातीने आजीला विचारलं, दुकानदाराला फोन लावला, कोणालाच काही सांगता येईना. संध्याकाळी वही मला दाखवायला आणली. बापाच्या आणि आईच्या आईबापांचे चारही रकाने तिने भरले होते. प्रत्येकात ठळक अक्षरांत ‘माहीत नाही’. खाली पाच पिल्लांच्या पाच ओळी, त्यांतल्या चार हिरव्यांपुढे तिरकी रेघ आणि रेघेपुढे प्रश्नचिन्ह. पाचवीपुढे ‘निळा’, आणि त्याच्या आईबापांच्या रकान्यांत, या घरात पहिल्यांदाच, दोन नंबर.